मोर, चिमणी, बदक, कावळा: गाण्यात पक्षी किती?

पक्ष्यांची गाणी म्हटलं की आधी निघतं 'नाच रे मोरा'. चित्रपट 'देवबाप्पा' (१९५३), शब्द गदिमांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची, आवाज आशा भोसले यांचा. गाणं अव्वल आहे, पण त्यात मोर कमी आणि पाऊस जास्त. मोराचा नाच मुळात संथ. पिसारा उभारायचा, लांडोरीपुढे सावकाश वळत राहायचं, मधूनच सगळी पिसं सळसळवायची. गाण्याची उडती लय त्या नाचाची नव्हे, पानांवर टपटपणाऱ्या थेंबांची आहे. हंगाम मात्र बिनचूक धरलाय: मोराची वीण पावसाळ्यातली, आणि पाऊस ओसरू लागला की पिसारा गळायला लागतो. मोराची केका, म्हणजे मांजरासारखी कर्कश हाक, चालीत आली नाही, हे कानांचं नशीब.

शाळेच्या स्नेहसंमेलनाला हेच घ्यावं. वेळेसाठी कडवी कापायची झाली तर मधलं कापा, शेवटचं ठेवा. वारा, धार, थेंब, मग पाऊस थांबून सातरंगी कमान असा क्रम आहे. शेवट गाळला तर मुलं पावसातच उभी राहतात. पट्टी ठरवताना ध्रुपदावर, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या ओळींवर, जाऊ नका, अंतऱ्यातला सर्वांत वरचा सूर आधी गाऊन बघा. नाहीतर दुसऱ्या कडव्यापासून ओरडा सुरू होतो. (पिसारा बहुतेक ठिकाणी मुलींनाच बांधतात. लांडोरीला तो नसतो, पण एवढं कोण बघतंय!)

'एका तळ्यात होती'ही गदिमांचंच, आशाबाईंचंच. बदकांत वाढलेल्या हंसाच्या कुरूप पिल्लाची ही गोष्ट अँडरसनची, १८४३ सालची, डेन्मार्कची. तिथल्या हंसाचं पिल्लू खरोखरच करड्या रंगाचं आणि बदकाच्या पिल्लांपुढे आडमाप दिसतं, त्यामुळे घोटाळा पटतो. तो पांढरा हंस मात्र आपल्या तळ्यावर दिसत नाही. मराठी मुलांना राजहंस भेटतो तो चित्रातच. गायला सोपं, लहान मुलांना पहिलं गाणं म्हणून उत्तम. पक्षी म्हणाल तर नाममात्र.

'या चिमण्यांनो परत फिरा रे' ही वेगळीच गोष्ट. 'जिव्हाळा' (१९६८), पुन्हा गदिमा, संगीत श्रीनिवास खळे, आवाज लताबाईंचा. चाल पूरिया धनाश्री रागाच्या अंगाने जाते: कोमल रिषभ, कोमल धैवत, तीव्र मध्यम, म्हणजे नेमकी तिन्हीसांजेची वेळ. हौशी गायकांचं गाणं इथेच फसतं. रिषभ जरा चढा लागला की सांज उतरतच नाही. पेटीवाल्याने गळ्यामागून प्रत्येक स्वर ठोकत जाऊ नये. या चालीचा जीव मींडेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्यात आहे आणि पेटीला मींड येत नाही. षड्ज (सा) धरून थांबावं, बाकी गळ्यावर सोडावं.

पक्ष्याचंही निरीक्षण पक्कं आहे. दिवेलागणीला बोरी-बाभळीत किंवा बोगनवेलीत चिमण्यांचा थवा जमतो, कलकलाट करतो आणि अंधार पडला की चिडीचूप होतो. गाण्यातल्या आईला नेमका तो कोलाहलच हवा असतो. एक फरक आहे: चिमणीचं घरटं विणीपुरतं. उडायला लागलेली पिल्लं रात्री त्यात झोपायला परतत नाहीत. हाक माणसाची आहे, नाव तेवढं चिमण्यांचं.

पक्षी सर्वांत जवळून पाहिलाय तो ज्ञानेश्वरांच्या 'पैल तो गे काऊ कोकताहे' या विराणीत, म्हणजे विरहगीतात. चाल हृदयनाथ मंगेशकरांची, गायिका लताबाई. 'कोकणे' हे क्रियापदच कावळ्याच्या घशातून आल्यासारखं आहे. 'गाणे' किंवा 'बोलणे' इथे फिकं पडलं असतं. कावळा पलीकडे आहे, ओरडतोय, आता त्याने उडावं असं वाट पाहणाऱ्या विरहिणीला वाटतंय, कारण तो उडाला की पाहुणा येणार. मग आमिषं सुरू होतात: पाय सोन्याने मढवीन, दहीभाताची उंडी देईन, वाटीभर दूध देईन. सोन्याचं माहीत नाही, पण दहीभाताला कावळा नाही म्हणत नाही. आंब्याच्या डहाळीवरची रसाळ फळं चोखण्याचीही ओळ आहे, आणि पिकल्या आंब्यांच्या दिवसांत कुठल्याही आमराईत हेच दृश्य दिसतं. फक्त हे गाणं संमेलनात घेऊ नका. ठेक्यावर टाळ्या पडायला लागल्या की विराणी संपली.