पर्ज व्हॉल्व्ह थेट बदलावा, की आधी वायर तपासावी?

चवथीच्या तोंडावर माझ्या पेट्रोल गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर कोड आला पी ०४४३. फोंड्यातला एक मेकॅनिक म्हणाला, ‘नवा व्हॉल्व्ह टाकूया.’ दुसरा म्हणाला, ‘गाडी ठेवून जा, वायरिंग बघतो.’ तुम्हीही याच पेचात असाल, तर माझा कौल दुसऱ्याला.

टाकीतली पेट्रोलची वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये साठते. पर्ज व्हॉल्व्ह उघडला की ती इंजिनात ओढली जाऊन जळते. हा कोड व्हॉल्व्हच्या विजेच्या सर्किटबद्दल बोलतो. व्हॉल्व्ह उघडणारी तारेची कॉइल त्याच सर्किटात असते, म्हणून संशय तिच्यावर जातो. पण फ्यूज, व्हॉल्व्हला वायर जोडणारा प्लग (स्पार्क प्लग नव्हे), वायर आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा संगणकही त्यातच आले.

थेट बदलायचा फायदा एवढाच, की बऱ्याच गाड्यांत काम लवकर उरकतं. निदान चुकलं तर दिवा पुन्हा लागतो आणि भागाचे पैसे गेलेले असतात.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. प्लग काढून व्हॉल्व्हच्या दोन पिनांमधला रोध मोजा. पुष्कळ गाड्यांत तो १५ ते ३० ओहमच्या आसपास येतो. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली, शून्याजवळ आला तर शॉर्ट. मग खुशाल बदला. रोध ठीक असेल, तर चावी ऑन करून प्लगच्या एका पिनेवर बॅटरीइतका, म्हणजे १२ व्होल्टच्या आसपास दाब येतो का पाहा. काही गाड्यांत तो इंजिन चालू झाल्यावरच येतो. नाही आला तर फ्यूज आणि पुरवठ्याची वायर बघा. आला तर उरली ईसीएमकडे जाणारी वायर. ईसीएम याच वायरीतून अर्थिंग जोडतो-तोडतो.

आपल्याकडे पावसाळा आणि खारी हवा, शिवाय दारात उभ्या गाडीत शिरणारे उंदीर. माझ्या प्लगच्या पिनेवर हिरवा गंज चढला होता. साफ केला, कोड पुसला, दिवा गेला.

दिवा तसाच ठेवून चालवायचं म्हणाल, तर या कोडवर गाडी बहुधा नीट धावते. पण उद्या मिसफायर झाला, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळलं नाही, तरी दिवा तोच, कळणार कसं?

मात्र पेट्रोल भरल्यावर गाडी सुरू व्हायला कुरकुरत असेल, तर व्हॉल्व्ह उघडाच अडकल्याचा संशय घ्या, वायरीत वेळ घालवू नका. व्हॉल्व्ह काढा, स्वच्छ नळी लावून फुंका. वीज नसताना तो बंदच असायला हवा. हवा आरपार गेली, तर बदला.