डीपलॅबकट आठ महिने वापरल्यावर

गेल्या वर्षापर्यंत पीएचडीत माझ्या उजव्या अंगठ्याला एकच काम होतं, स्टॉपवॉच दाबायचं. आमच्याकडे एलिव्हेटेड प्लस मेझ आहे. म्हणजे जमिनीपासून उंचावर बसवलेला अधिकच्या चिन्हासारखा सांगाडा, दोन बाजू उघड्या आणि दोन भिंतींच्या. घाबरलेला उंदीर भिंतींच्या आडोशाला राहतो, भीड चेपलेला उघड्यावर फिरतो. पाच मिनिटांचा एक व्हिडिओ मी बघायचो, मग ज्युनिअर बघायची. मी म्हणायचो उघड्यावर 48 सेकंद, ती म्हणायची 61. नाक बाहेर आणि धड आत असेल तर उंदीर 'गेला' म्हणायचं का, यावर आमचं कधी जमलंच नाही.

मॅडम वैतागल्या आणि आम्ही डीपलॅबकट घेतलं. व्हिडिओतल्या प्राण्याच्या अवयवांवर आपोआप ठिपके ठेवणारा हा प्रोग्राम. घेतलं म्हणजे डाउनलोड केलं, कारण ते फुकट आहे आणि कोडही खुला आहे. अलेक्झांडर मॅथिस, मॅकेन्झी मॅथिस आणि सहकाऱ्यांनी 2018 साली 'नेचर न्यूरोसायन्स'मध्ये ते मांडलं. लाखो साध्या फोटोंवर आधीच शिकलेलं न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम) आपल्या व्हिडिओतल्या थोड्याशा फ्रेम्सवर, म्हणजे सुट्या चित्रांवर, पुन्हा शिकवायचं, ही त्यातली कल्पना. म्हणूनच दोनशेच्या आसपास फ्रेम्सवर हाताने खुणा केल्या तरी नाक, कान, शेपटीचं मूळ ते स्वतः शोधायला लागतं.

इन्स्टॉल करताना दोन दिवस गेले. पायथन, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर आणि बाकीच्या पॅकेजेसची आवृत्ती एकमेकांना मानवेना. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्याचं त्याने भोगावं.

लेबलिंग कंटाळवाणं आहे, पण सगळी मेख तिथेच आहे. दहा व्हिडिओंतून वीस-वीस फ्रेम्स घेतल्या, मी आणि ज्युनिअरने वाटून खुणा केल्या. निकाल आला तर कानाचा ठिपका सारखा थरथरत होता. उघडून बघतो तर ती कानाच्या टोकाला खूण करत होती आणि मी मुळाशी. नेटवर्क बिचारं आमच्या दोघांच्या मध्ये लटकलेलं. मग 'कान म्हणजे कानाचं मूळ' असं कागदावर लिहून भिंतीवर चिकटवलं आणि अर्ध्या फ्रेम्स पुन्हा केल्या.

पुढची डोकेदुखी कॅमेऱ्याची. आमचे उंदीर बाल्ब-सी जातीचे, पांढरे, आणि ओपन फील्ड या दुसऱ्या चाचणीत ते ज्या चौकोनी पेटीत मोकळे फिरतात तिचा तळही पांढरा! डोळ्यांना चाललं होतं, नेटवर्कला नाही. तळाला चमक नसलेला काळा पत्रा टाकला. शिवाय दर उंदरानंतर वास जावा म्हणून 70 टक्के अल्कोहोलने पेटी पुसतो. ती ओली असताना अॅक्रिलिकच्या भिंतीत उंदराचं प्रतिबिंब पडतं आणि प्रोग्राम त्या प्रतिबिंबाच्या नाकाला खात्रीचे 1 पैकी 0.99 गुण देतो. म्हणजे 0.6 च्या खालचे ठिपके गाळले की झालं, या भरवशावर राहू नका. मी आता नाक आणि शेपटीचं मूळ यांतलं अंतर तपासतो. ते उंदराहून लांब निघालं की ती फ्रेम बाद.

तीन महिन्यांनी फायबर फोटोमेट्री सुरू केली. यात मेंदूच्या ठरावीक भागातल्या पेशींमध्ये जीकॅम्प हे प्रथिन असतं. पेशी सक्रिय होऊन आत कॅल्शियम वाढलं की ते जास्त चमकतं, आणि डोक्यावर बसवलेल्या बारीक काचतंतूतून ती चमक मोजतात. पहिल्याच दिवशी आमचं शिकलेलं नेटवर्क आंधळं झालं. बिनतारेच्या उंदरांवर शिकलेलं ते, डोक्यावरची वायर दिसली की तिलाच कान समजायचं. वायरवाल्या साठ नव्या फ्रेम्स दिल्यावर सुधारलं.

खरा फटका मात्र नंतर बसला. नवी वस्तू हुंगली की सिग्नल वाढत होता, पण उशिरा, आणि वीस मिनिटांच्या शेवटी शेवटी तर चांगलाच उशिरा. उंदीर दमतो, मेंदूचा प्रतिसाद मंदावतो, असं स्पष्टीकरण मी स्लाइडवर लिहूनही टाकलं होतं. मग फ्रेम्स मोजल्या. सेकंदाला 30 प्रमाणे 36,000 हव्या होत्या, फाइलमध्ये 35,820 निघाल्या. कॅमेरा गुपचूप फ्रेम्स गाळत होता आणि शेवटपर्यंत सहा सेकंदांचा घोळ झाला होता. दमला कोणीच नव्हता. आता पेटीच्या कोपऱ्यात, कॅमेऱ्याला दिसेल आणि उंदराला खुपणार नाही असा इन्फ्रारेड एलईडी लावलाय. फोटोमेट्रीचं यंत्रच तो लुकलुकवतं आणि दोन्ही घड्याळं त्यावरून जुळवतो. डीपलॅबकटचा यात दोष नाही, पण ते तुम्हाला सावधही करत नाही.

दोन उंदीर एकत्र ठेवले तर ते बिलगून बसल्यावर ओळखींची अदलाबदल होते. बहुप्राणी आवृत्ती आहे, स्लीप नावाचं दुसरं साधनही आहे, पण आमचं काम एकेकट्या उंदराचं, म्हणून त्यात शिरलो नाही. आणि हे लक्षात ठेवा की प्रोग्राम फक्त ठिपके देतो. अंग साफ करणं, थिजून बसणं, मान उंचावून बघणं हे ठरवायला वेगळं काम उरतंच.

आवडलं काय? 'गेला' म्हणजे काय हा वाद अंगठ्यातून निघून कोडच्या एका ओळीत आला. माझ्या नियमात नाक, दोन्ही कान आणि धडाचा मध्य बाहेर हवा, ज्युनिअरच्या नियमात नाक पुरे. दोन्ही नियम सगळ्या 64 व्हिडिओंवर चालवायला एक दुपार लागली. सेकंद वेगळे आले, गटांमधला फरक तोच राहिला. शिवाय दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओंना आम्ही नवा प्रश्न विचारला, तेव्हा प्राणी नीतिमत्ता समितीकडे जादा उंदरांसाठी अर्ज करावा लागला नाही.

दहाबारा व्हिडिओ असतील तर स्टॉपवॉचच बरं. पन्नासच्या पुढे असतील तर घ्या, पण आधी पैसे चांगल्या कॅमेऱ्यावर आणि दिव्यांवर खर्च करा, ग्राफिक्स कार्ड नंतर.