गढूळ पाणी निवळले, बाग मात्र चिबडच राहिली

आमच्या बागेची माती चिकण आहे. पाऊस थांबल्यावरही खालच्या बाजूला तीन-चार दिवस पाणी उभे राहायचे, झाडे पिवळी पडायची आणि उपटून पाहिली की मुळे कुजलेली निघायची. यावर हमखास उपाय करून देतो म्हणणाऱ्या एका कंत्राटदाराने मला कसे फसवले, ते तपशिलाने लिहीत आहे. कारण त्याचे बोलणे कोणालाही पटावे असेच होते.

पहिल्याच भेटीत त्याने बागेतली माती दोन पेल्यांतल्या पाण्यात ढवळली आणि एका पेल्यात पांढरी पूड टाकली. थोड्या वेळाने त्या पेल्यातले पाणी निवळले, दुसऱ्यातले गढूळच राहिले. ही पूड चिकणमाती मोकळी करते, असे तो म्हणाला आणि डोळ्यांनी पाहिले म्हणून मी ते खरे मानले. ती पूड जिप्समची होती, हे नंतर रिकाम्या पिशवीवर वाचले. जिप्सममधल्या कॅल्शियममुळे पाण्यात तरंगणारे मातीचे कण एकत्र येऊन तळाशी बसतात, तुरटीनेही पाणी निवळतेच. पण एवढ्यावरून जमिनीचा निचरा सुधारेल असे ठरत नाही. जिप्समचा खरा उपयोग चोपण जमिनीत होतो, जिथे मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची जागा कॅल्शियम घेते आणि अशा जमिनीचा सामू (पीएच) बहुधा ८.५ च्या वर असतो. आमची माती तशी नाही, हे मी पुढे करून घेतलेल्या माती परीक्षणात स्पष्ट झाले. कामाआधी परीक्षणाचा विषय काढला तेव्हा त्याने तो टाळला होता आणि मी तिथेच थांबायला हवे होते.

नंतर त्याने वाळूचा पातळ थर पसरून मातीत मिसळला, तोही वाफसा नसताना, माती पायाला चिकटत असताना. वाळूने चिकणमातीचा पोत बदलायचा, तर मिश्रणात निम्म्याहून अधिक वाळू लागते. त्याहून बरीच कमी वाळू घातली, तर ०.००२ मिलिमीटरहून बारीक असलेले चिकणमातीचे कण वाळूच्या फटी भरून टाकतात आणि सुकल्यावर तो थर विटेसारखा घट्ट होतो. आमच्याकडे नेमके तेच झाले.

सगळ्यात मोठी लबाडी जमिनीखाली होती. निचऱ्याची नळी टाकण्याचे काम मी घरी नसताना झाले आणि परत आले तेव्हा चर बुजवलेले होते. पहिल्या मोठ्या पावसात पाणी पूर्वीसारखेच साचले, म्हणून मी एक चर उकरला. नळीला छिद्रे होती, पण भोवती ना खडी होती ना गाळणकापड, त्यामुळे छिद्रे चिखलाने बुजली होती. दर मीटरला निदान १ सेंटीमीटर उतार हवा, तिथे नळी जवळजवळ सपाट होती. तिचे खालचे टोक उघड्यावर निघतच नव्हते. ते त्याच चिकणमातीत खणलेल्या, खडी भरलेल्या खड्ड्यात संपत होते. भोवतालची माती पाणी शोषत नसेल, तर असा खड्डा हौदासारखा भरतो आणि भरलेलाच राहतो. नळीतले पाणी बाहेर नेमके कुठे पडणार, हा साधा प्रश्न मी त्याला एकदाही विचारला नव्हता.

तक्रार करायला गेले तेव्हा पावतीवर फक्त ‘बागेचे काम’ एवढेच लिहिलेले होते. नळीची लांबी, खोली, उतार, पाणी बाहेर पडण्याची जागा यांपैकी काहीही नाही आणि पैसे तर मी पूर्ण देऊन बसले होते. त्यातले काहीच परत मिळाले नाही.

असे काम करून घेणाऱ्यांनी आधी स्वतः ३० सेंटीमीटर खोल खड्डा खणावा, पाण्याने भरून जिरू द्यावा, पुन्हा भरावा आणि पातळी तासाला किती उतरते ते मोजावे. ती २.५ सेंटीमीटरहून कमी उतरत असेल, तर निचरा खरोखरच मंद आहे. नळी टाकली, तर चर बुजवण्याआधी वरच्या टोकाला पाणी ओतून ते खालच्या टोकातून बाहेर पडताना पाहावे आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यावा.

आमची नळी आता नव्याने उतार देऊन, बागेच्या खालच्या कडेला तोंड उघडे ठेवून टाकली आहे. झाडे गादीवाफ्यांवर, म्हणजे उंच केलेल्या वाफ्यांवर, लावली आहेत. वाळूने घट्ट झालेल्या पट्ट्यात मात्र दर वर्षी, वाफसा आल्यावर, कुजलेले खत मिसळत राहावे लागणार आहे आणि तो अजून पूर्ण मोकळा झालेला नाही.