एक्स्ट्रालीगा २०२४: ब्रेक नसलेल्या गाड्यांचा हंगाम

आमच्या व्रोत्सवाफचा संघ पोलंडच्या या स्पीडवे (मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यती) लीगच्या फायनलमध्ये यंदाही लुब्लिनकडूनच हरला, म्हणून माझ्या रेटिंगमधून निकालाचा एक स्टार कापला. लुब्लिनचं हे सलग तिसरं विजेतेपद! बार्तोश झ्मार्झलिकसारखा जगज्जेता गडी त्यांच्याकडे म्हटल्यावर बाकीच्यांनी करायचं तरी काय?

खेळ मात्र पैसा वसूल. ५०० सीसीची गाडी, गिअर एकच, ब्रेक नाहीच. चौघांच्या चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खल्लास. पहिल्याला ३ गुण, मग २, १, शेवटच्याला भोपळा. अशा १५ शर्यती. खरी मजा पहिल्या वळणावर. चौघेही मागचं चाक मुद्दाम घसरवत, डावा पाय मातीला टेकवत एकदम आत घुसतात. पुढच्या रांगेत बसलात तर मातीचा फवारा थेट अंगावर, तेव्हा पांढरा शर्ट नकोच. इंजिनातल्या जळक्या एरंडेलाचा वास मला आवडतो, बायकोला अजिबात नाही.

शेजारचे आजोबा सामन्याच्या कार्यक्रमपत्रिकेवर प्रत्येक शर्यतीचे गुण पेनने भरत होते. लाल-निळी हेल्मेटं आपली, पांढरी-पिवळी पाहुण्यांची, हे त्यांनीच सांगितलं. मध्येच ट्रॅक्टर माती सारखी करायला येतो, तेवढ्यात कॉफी उरकून घ्या.