चार हिवाळे फॉरेस्टरसोबत

मी डायलिसिस युनिटमध्ये नर्स आहे. पहिल्या पाळीचे पेशंट सकाळी 6 वाजता खुर्चीवर येतात आणि त्याआधी मशीन धुऊन, तपासून तयार लागतात, म्हणून मला 5 च्या आत पोचावं लागतं. बहुतेकांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. बर्फ पडला म्हणून ते चार दिवस पुढे ढकलता येत नाही. अंगात पाणी आणि पोटॅशियम साठत जातं, आणि त्याचा ताण थेट हृदयावर येतो. मी घरातून निघते तेव्हा बर्फ हटवणारे ट्रक बहुतेक रस्त्यांवर फिरकलेलेही नसतात. हे आधी सांगते, कारण मी सुबारू फॉरेस्टर ही गाडी निवडली ती या एका वेळेसाठी. रंग, स्क्रीन, साउंड सिस्टीम यांबद्दल या लेखात काही नाही.

माझी आधीची गाडी एक साधी सेडान होती. कंपनीचं नाव लिहीत नाही. एका फेब्रुवारीत पहाटे सिग्नलला ब्रेक दाबला आणि पेडल सरळ तळाला गेलं. रस्ता रिकामा होता, वेग कमी होता, हँडब्रेक ओढून गाडी कडेला बर्फाच्या ढिगात थांबली. मेकॅनिकने ती रॅम्पवर चढवली आणि मला खाली बोलावून टॉर्चने दाखवलं: बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात त्या मिठाने ब्रेक ऑइलची धातूची नळी कुरतडून आरपार भोक पाडलं होतं. वरून गाडी चकाचक होती. त्या दिवसापासून मी कुठलीही जुनी गाडी आधी खालून बघते.

म्हणून पुढची गाडी शोधताना पहिली अट ठरली, की रॅम्पवर चढवून दाखवल्याशिवाय बोलणी नाहीत. मागच्या चाकांना धरून ठेवणारी फ्रेम, दारांखालच्या पट्ट्या, जॅक लावायच्या जागा, ब्रेकच्या आणि इंधनाच्या नळ्या, एवढ्या ठिकाणी बघायचं. वरवरचा तांबूस थर चालतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकल्यावर पापुद्रे गळत असतील तर गाडी सोडून द्यायची. नुकताच जाड काळा लेप फासलेला दिसला तरी मी सोडून देते, कारण त्याखाली काय आहे ते कळायला मार्ग नसतो. अशा पाच गाड्या बघितल्यावर 5 वर्षं वापरलेली सुबारू फॉरेस्टर मिळाली, खालून स्वच्छ. तिच्यासोबत आता चार हिवाळे झाले.

आवडलेली पहिली गोष्ट म्हणजे उंची. पोटाखाली 220 मिलिमीटर जागा आहे. ताज्या बर्फात गाडी अडकते ती बहुतेक वेळा चाकं फिरतात म्हणून नव्हे, तर पोट बर्फावर टेकतं आणि चाकांवरचं वजन निघून जातं म्हणून. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ट्रक रोज बर्फाचा बांध घालून जातो, तो ही गाडी न टेकता ओलांडते. दुसरं, चारही चाकांना सतत ताकद मिळते. सरळ रस्त्यावर साधारण 60 टक्के पुढच्या चाकांकडे आणि 40 टक्के मागच्या, आणि घसरण सुरू झाली की वाटणी बदलते. बटण दाबायची वाट बघावी लागत नाही. एक्स-मोड नावाचं बटण आहे, ते 40 किलोमीटरच्या खालच्या वेगासाठी. पार्किंगमधून बाहेर पडताना आणि हॉस्पिटलच्या मागचा चढ चढताना मी ते वापरते. त्याने ॲक्सिलरेटर मऊ होतो, रिकामं फिरणारं चाक ब्रेकने लवकर धरलं जातं, आणि गाडी न भांडता चढते.

आता या लेखाचा मुख्य मुद्दा, ज्यासाठी खरं तर मी लिहायला बसले. पहिल्या वर्षी मी गाडीसोबत आलेल्या बारमाही टायरांवरच हिवाळा सुरू केला. चारही चाकांची ताकद आहे, मग काळजी कसली, असं वाटलं होतं. डिसेंबरमध्ये रिकाम्या पार्किंगमध्ये दाबून बसलेल्या बर्फावर ताशी 30 च्या वेगाने येऊन ब्रेक दाबला. गाडी थांबेपर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं, 23 भरली. मग माझ्या मैत्रिणीची छोटी, फक्त पुढची चाकं ओढणारी गाडी घेतली. तिला हिवाळी टायर होते. तोच वेग, तीच जागा: 16 पावलं. दोघींनी जागा बदलून पुन्हा करून पाहिलं, फरक तेवढाच राहिला. सात पावलं म्हणजे झेब्रा क्रॉसिंगवरून जाणारं माणूस वाचणं किंवा न वाचणं.

कारण साधं आहे. ताकद दोन चाकांना द्या की चारांना, ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच. थांबताना इंजिनाची ताकद कामाला येत नाही, कामाला येते ती टायरची पकड. ऑल-व्हील-ड्राइव्हची, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीची, खरी अडचण हीच, की निघताना ती इतकी सहज निघते की रस्ता किती निसरडा आहे हे पायाला कळतच नाही. कळतं ते पहिल्या वळणावर.

हिवाळी टायरचं रबर वेगळं असतं. साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होत जातं. हिवाळी रबर थंडीतही मऊ राहतं. त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा असतात, त्या रस्त्यावर दाबल्या की उघडतात आणि कडा बर्फाला धरतात. खोल खाचांमध्ये बर्फ भरून बसतो, तोही उपयोगाचा, कारण बर्फाला बर्फ चांगला चिकटतो. मुठीत बर्फाचा गोळा वळलेल्याला हे सांगायला नको. फिनलंडची नोकियन कंपनी 1930 च्या दशकापासून असे टायर बनवते आहे, म्हणजे ही काही नवी टूम नाही.

घेताना टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह बघा. ते चिन्ह बर्फावर चाचणी दिल्यावरच मिळतं. नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्यामागे अशी चाचणी असेलच असं नाही. टायर चारही घ्या. फक्त पुढे दोन लावले तर पुढचा भाग धरतो आणि मागचा वळणावर गाडीला फिरवून टाकतो. आणि ज्या गाडीत चारही चाकांना ताकद जाते तिथे चारही टायर एकाच जातीचे, सारखेच झिजलेले लागतात. घेर वेगळा असला की ताकद वाटणाऱ्या क्लचवर सतत ताण पडतो. मी माझ्या गाडीला 18 इंची रिम काढून हिवाळ्यासाठी 17 इंची वेगळ्या रिम केल्या, 225/60 मापाचे टायर त्यांच्यावर कायम बसवून ठेवले. रबराची भिंत थोडी उंच मिळते, बर्फाखालच्या खड्ड्यात रिम वाकत नाही, आणि दर मोसमात टायर रिमवरून उपसायला लागत नाही.

हवेकडे लक्ष ठेवा. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधली हवा सुमारे 1 पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी दिसते. ऑक्टोबरमध्ये नीट भरलेली हवा जानेवारीत कमीच भरते, टायर पंक्चर नसतानाही.

पहाटे सुरू होण्याबद्दल. चार हिवाळ्यांत एकदाही सेल्फ मारून गाडी रुसलेली नाही, पण याचं सगळं श्रेय मी कारखान्याला देत नाही. उणे 18 अंशांत बॅटरीची ताकद निम्म्याच्या आसपास येते आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. बॅटरीवर जो कोल्ड क्रँकिंगचा, म्हणजे थंडीत इंजिन फिरवायच्या ताकदीचा, आकडा असतो तो याच तापमानाचा असतो. नवी घेताना गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यापेक्षा कमी घेऊ नका. मी दर ऑक्टोबरमध्ये भार टाकून बॅटरी तपासून घेते आणि 5 वर्षं झाली की चालू असली तरी बदलते. ऑइल 0डब्ल्यू-20 आहे, थंडीतही पातळ राहणारं. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल, ते साधारण उणे 37 पर्यंत गोठत नाही. उन्हाळ्यात कुणी नुसतं पाणी ओतून ठेवलं असेल, तर जुनी गाडी घेतल्याबरोबर तपासा; गोठलेलं पाणी फुगून इंजिनाचा ब्लॉक फोडतं.

आतून बाहेरचं दिसण्याच्या बाबतीत गाडी मला फार आवडते. खिडक्या मोठ्या, काचेचे खांब बारीक, मागचं नीट दिसतं. वायपर जिथे टेकतात तिथे काचेत तापणाऱ्या तारा आहेत, त्यामुळे पाती चिकटून बसत नाहीत. आरसे तापतात. सीट मिनिटभरात गरम होते, हीटरला मात्र इंजिन तापेपर्यंत वेळ लागतो, तो कुठल्याही पेट्रोल गाडीत लागतोच. गरज पडली तर आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेचे कॅमेरे आत, काचेमागे आहेत, म्हणून वायपर त्यांच्यापुढची काच पुसतो. तरी दाट हिमवर्षावात यंत्रणा स्वतःला बंद करून तसं सांगते, आणि मला ते प्रामाणिकपणाचं वाटतं. एलईडी दिव्यांची काच जुन्या हॅलोजनसारखी तापत नाही, त्यामुळे त्यांच्यावर बर्फ साचतो. लांब जायचं असेल तर मध्ये थांबून ते हाताने पुसा. छतावरचा बर्फही पूर्ण झाडा, ब्रेक दाबला की तो सगळा तुमच्याच काचेवर येतो.

धुण्याचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. मीठ जेव्हा ओलं होतं आणि तापमान शून्याच्या आसपास असतं तेव्हा गंज जोरात चढतो. कडाक्याच्या थंडीत तो मंद असतो. म्हणून ऊबदार गॅरेजमध्ये मिठाने माखलेली गाडी उभी करणं हे तिचं भलं करणं नाही. दर दोन आठवड्यांनी, शून्याच्या वर दिवस मिळाला की, मी पोटाखालून पाण्याचा जोर मारून घेते, आणि शरद ऋतूत तेलकट, न वाळणारा लेप मारून घेते. तो चिरा पडून ओल कोंडत नाही.

डिकीत फावडं, जाड ब्लँकेट, वाळूची पिशवी आणि टॉर्च कायम आहेत. टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देत नाही. अडकून पडलात आणि ऊब हवी म्हणून इंजिन चालू ठेवायचं असेल, तर आधी उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं करा, आणि बर्फ पडत राहिला तर पुन्हा पुन्हा करा. ते बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो, झोप लागल्यासारखं होतं. इमर्जन्सीत असे पेशंट मी पाहिले आहेत.

तुमचे रस्ते रोज साफ होत असतील आणि बांध ओलांडायचे नसतील, तर माझ्या मैत्रिणीसारखी छोटी गाडी आणि चार चांगले हिवाळी टायर घ्या, तिने माझ्याइतकेच हिवाळे काढलेत. मला उंची लागते, चढ लागतो, म्हणून मी पुन्हा फॉरेस्टरच घेईन.

मागच्या आठवड्यात टायर चढवताना खाचांची खोली मोजली: पुढे 5 मिलिमीटर, मागे साडेपाच. 4 च्या खाली गेले की बर्फात ते कामाचे राहत नाहीत, कायद्याने चालत असले तरी. हा हिवाळा निघेल. पुढच्या ऑक्टोबरमध्ये चारही नवे, याच मापाचे.