पहिला प्रोब कोणता घ्यावा: सेक्टर की कन्व्हेक्स?

चार-सहा खाटांचं आयसीयू टाकणाऱ्या प्रत्येक फिजिशियनपुढे हा प्रश्न येतो. लॅपटॉपएवढं पोर्टेबल सोनोग्राफी मशीन, त्याला सॉकेट एकच, आणि पहिल्या वर्षी खिशात एकाच प्रोबचे, म्हणजे अंगावर टेकवायच्या दांड्याचे, पैसे. हृदयासाठीचा लहान तोंडाचा सेक्टर घ्यायचा की पोटासाठीचा रुंद, वक्र तोंडाचा कन्व्हेक्स? मी आधी सेक्टर घेतला, दोन वर्षं वापरला आणि मग बदलला. त्यामुळे माझा कौल कुणीकडे आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तरी सेक्टरची बाजू जमेल तितकी सरळ मांडतो. माझे काही चांगले मित्र आजही त्याच्यावरच आहेत आणि त्यांचं बरं चाललंय.

लिनियर, म्हणजे सपाट तोंडाचा, उथळ बघणारा प्रोब, आधी निकालात काढू, कारण कुणीतरी विचारणारच. सेंट्रल लाइनला (मोठ्या शिरेत घालायच्या नळीला) तो हवाच, पण एकटा चालत नाही. मऊ ऊतींमधून जाताना ध्वनी दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे साधारण अर्धा डेसिबल गमावतो. लिनियरच्या 10 मेगाहर्ट्झला 10 सेंटिमीटर खोल जाऊन परत यायचं, म्हणजे 20 सेंटिमीटरचा प्रवास, म्हणजे 100 डेसिबलची घट. तेच सेक्टर-कन्व्हेक्सच्या 3 मेगाहर्ट्झला 30. गेनचं बटण कितीही पिळा, जे परत आलंच नाही ते दिसणार कुठून? तेव्हा हृदय आणि पोट बघायचं असेल तर लिनियर दुसऱ्या वर्षी.

आता सेक्टर. त्याची खरी कमाई म्हणजे त्याचं तोंड. जेमतेम 2 सेंटिमीटर, रुपयाच्या नाण्याएवढं. दोन बरगड्यांच्या फटीत ते अलगद बसतं. हा लहानपणा फुकट आलेला नाही. सेक्टरमधले सगळे स्फटिक (ध्वनी सोडणारे आणि ऐकणारे बारीक तुकडे) प्रतिमेच्या प्रत्येक रेषेसाठी एकत्र कामाला लागतात, फक्त काही मायक्रोसेकंदांच्या फरकाने. लेझमीच्या रांगेत एका टोकाचा गडी आधी पाऊल टाकतो, शेजारचा किंचित उशिरा, आणि अख्खी रांग वळते. ध्वनीची शलाका तशीच वळते, प्रोब जागचा हलत नाही. पण असं वळवायचं तर स्फटिकांमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीपेक्षा जास्त ठेवता येत नाही, नाहीतर भलतीकडेच दुसरी शलाका फुटते आणि नसलेल्या जागी प्रतिमा दिसते. 2.5 मेगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण 0.6 मिलिमीटर, अर्धी 0.3, आणि असे 64 स्फटिक मांडले की झाले 2 सेंटिमीटर.

सेक्टरच्या बाजूने दुसरा मुद्दा डॉपलरचा, म्हणजे रक्ताचा वेग मोजण्याचा, आणि इथे कन्व्हेक्स सरळ हरतो. 15 सेंटिमीटर खोलीवरून प्रतिध्वनी परत यायला सुमारे 200 मायक्रोसेकंद लागतात. तो आल्याशिवाय पुढचा पल्स सोडता येत नाही, म्हणजे सेकंदाला फार तर 5000 पल्स. त्याच्या निम्म्यापर्यंतचीच डॉपलर शिफ्ट (वाहत्या रक्तामुळे वारंवारतेत पडणारा फरक) खरी मोजता येते. 2.5 मेगाहर्ट्झवर त्याचा वेग निघतो सेकंदाला 77 सेंटिमीटर. बेसलाइन (आलेखाची शून्याची रेघ) तळाशी ओढली तर दीड मीटर. आणि गंभीर एऑर्टिक स्टेनोसिसची (एऑर्टिक झडप अरुंद झाल्याची) धार असते 4 मीटरच्या पुढे. ती मोजायला कंटिन्युअस वेव्ह डॉपलर (पल्सऐवजी अखंड ध्वनी सोडणारा) लागतो, जो सेक्टरवर मिळतो आणि कन्व्हेक्सवर सहसा नसतो. झडपांचे ग्रेडियंट (दोन बाजूंच्या दाबातला फरक) तुम्ही स्वतः काढणार असाल तर पुढचं वाचायची गरज नाही, सेक्टर घ्या.

पण खरंच काढणार आहात का? हा प्रश्न मी स्वतःला विकत घेतल्यावर विचारला, आधी विचारायला हवा होता. माझ्याकडे ज्याच्या झडपेबद्दल शंका येते तो रुग्ण तसाही जिल्ह्याला कार्डिऑलॉजिस्टकडे जातो. रात्री अडीच वाजता मला हवं असतं ते वेगळंच: डावा वेंट्रिकल हलतोय की नाही, पेरिकार्डियममध्ये (हृदयाच्या पिशवीत) पाणी आहे का, आयव्हीसी (हृदयाकडे येणारी खालची मोठी शीर) फुगलीय की चपटी, फुप्फुसात पाणी की हवा, पोटात रक्त, लघवी तुंबलीय का. या यादीत हृदय एक, बाकी सगळं इतरत्र.

ज्या रात्रीमुळे माझं मत फिरलं ती सांगतो. कीटकनाशक प्यायलेला पस्तिशीचा माणूस, व्हेंटिलेटरवर तिसरा दिवस. सिस्टर आणि मावशींनी मिळून कूस बदलली आणि दहा मिनिटांत सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) 97 वरून 86 वर. डावीकडे हवेचा आवाज कमी. आदल्याच दिवशी मी त्याच बाजूला सबक्लेव्हियन लाइन (कॉलरबोनखालच्या शिरेत नळी) टाकलेली. डोक्यात पहिलं काय येणार? न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुस आणि छातीच्या भिंतीमध्ये शिरलेली हवा. सेक्टर छातीवर ठेवला. वरच्या दीड-दोन सेंटिमीटरात नुसता पांढुरका गाळ. प्लुराची (फुप्फुसावरच्या दुपदरी आवरणाची) रेघ मध्यभागी बोटभर दिसतेय, कडेला पुसट. श्वासाबरोबर ती सरकायला हवी, न्यूमोथोरॅक्समध्ये सरकत नाही. सरकतेय का? सरकत नाहीसं वाटतंय. आयसीडीचा, म्हणजे छातीत नळी घालायचा, ट्रे उघडायला सांगितला.

बीपी टिकून होतं, म्हणून चार मिनिटं मिळाली. खालच्या सोनोग्राफी रूममधलं मोठं मशीन वॉर्डबॉयने लिफ्टमधून वर आणलं. त्याचा कन्व्हेक्स त्याच जागी ठेवला, डेप्थ 6 सेंटिमीटरवर आणली. दोन बरगड्यांच्या काळ्या सावल्या, मध्ये प्लुराची लख्ख रेघ. सरकत नव्हतीच. पण थरथरत होती, मॉनिटरवरच्या ठोक्याबरोबर, अगदी तालात. हा लंग पल्स. प्लुराच्या दोन पदरांमध्ये हवा शिरलेली असती तर हृदयाचा धक्का तिथवर पोचलाच नसता. म्हणजे फुप्फुस छातीला चिकटलेलं आहे, फक्त त्यात हवा जात नाहीये. श्वासाच्या ट्यूबवरचा सेंटिमीटरचा आकडा पाहिला: ओठांशी 26. कूस बदलताना ती आत सरकून उजव्या ब्राँकसमध्ये (उजव्या फुप्फुसाच्या श्वासनलिकेत) गेली होती, म्हणून डाव्यात हवा पोचत नव्हती. 3 सेंटिमीटर मागे घेतली, सॅच्युरेशन चढलं, ट्रे तसाच बंद केला. ट्यूबचा आकडा आधी बघायला हवा होता, ती चूक सर्वस्वी माझी. पण चांगल्या फुप्फुसात नळी घालण्याच्या किती जवळ मी गेलो होतो, हे अजून आठवतं.

सेक्टरने असं का केलं? प्लुरा हा आरसा आहे. पलीकडे हवा असल्याने 99.9 टक्के ध्वनी तिथूनच परत फिरतो. पण आरशावर काटकोनात पडलेलाच प्रकाश जसा तुमच्याकडे परत येतो, तसंच इथे. सेक्टरच्या रेषा एका जागेतून फुटून पंख्यासारख्या पसरतात, मधल्या चारदोन सोडल्या तर बाकी तिरप्या पडतात आणि भलतीकडे परावर्तित होतात. त्यात जाडीच्या दिशेने फोकस भिंगाने कायमचा ठरलेला, आणि तो हृदयाच्या सोयीने खोलवर. त्वचेलगत शलाका जाड राहते आणि शेजारचे प्रतिध्वनी एकमेकांत कालवले जातात. कन्व्हेक्सची वक्रता सुमारे 6 सेंटिमीटर त्रिज्येची, त्यामुळे मधल्या बऱ्याचशा रेषा प्लुरावर जवळजवळ सरळ उतरतात. शिवाय 5 मेगाहर्ट्झवर नेला की तरंगलांबी 0.3 मिलिमीटर, म्हणजे रेघही बारीक. मुरलेली माणसं सेक्टरवरही प्लुरा व्यवस्थित दाखवतात, हे मी पाहिलंय. मला त्या रात्री दिसली नाही, इतकंच म्हणतो.

कन्व्हेक्सचा जाच वेगळा. तोंड 6 सेंटिमीटरचं, बरगड्यांच्या फटीपेक्षा कितीतरी रुंद. पॅरास्टर्नल व्ह्यूमध्ये (उरोस्थीच्या बाजूने बघताना) हृदयावरून दोन काळे पट्टे जातात, कारण हाडाचा ध्वनिरोध मऊ ऊतीच्या चौपटीहून जास्त: 40 टक्क्यांवर ध्वनी पृष्ठभागावरूनच परत, उरलेला हाड गिळतं. यावर तोडगा म्हणजे उरोस्थीखालून बघणे. प्रोब जवळजवळ आडवा झोपवायचा आणि यकृतालाच खिडकी करायची. आमच्याकडच्या बिडी ओढून फुगलेल्या छातींमध्ये वरून सेक्टरलाही फारसं दिसत नाही, खालून मात्र हृदय छान उतरतं. पोट ताठ असलेल्या किंवा नुकतंच ऑपरेशन झालेल्या रुग्णात हा मार्ग बंद होतो, तेव्हा मात्र सेक्टरची आठवण येते.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही. कन्व्हेक्सच्या पोटाच्या प्रीसेटमध्ये (मशीनच्या आधीच ठरवलेल्या सेटिंगमध्ये) चित्र गुळगुळीत दिसावं म्हणून पर्सिस्टन्स चढवलेला असतो, म्हणजे मागच्या काही फ्रेम मिसळून दाखवतात. यकृत बसून असतं, त्याला चालतं. हृदयावर झडपा लोण्यासारख्या फासल्या जातात आणि कन्व्हेक्सने इको (हृदयाची सोनोग्राफी) होत नाही असा समज होतो. पर्सिस्टन्स शून्य करा. 15 सेंटिमीटरला 128 रेषा धरल्या तरी सेकंदाला चाळीसच्या आसपास फ्रेम मिळतात, हालचाल जोखायला पुरेशा. फुप्फुसासाठी कंपाउंडिंगही बंद करा. वेगवेगळ्या कोनांतून पाहून आर्टिफॅक्ट (ध्वनीमुळे दिसणाऱ्या, प्रत्यक्षात नसलेल्या खुणा) पुसणं हे त्याचं काम, आणि फुप्फुसात आपण आर्टिफॅक्टच वाचत असतो. ते चालू असलं की बी-लाइन्स (पाणावलेल्या फुप्फुसात दिसणारे उभे पांढरे पट्टे) विरतात, पल्मनरी एडिमाचा (फुप्फुसात पाणी भरलेला) रुग्ण कोरडा वाटतो.

मधला मार्ग आहे, मायक्रोकन्व्हेक्स, म्हणजे लहान तोंडाचा कन्व्हेक्स. फ्रान्सच्या डॅनियल लिख्टेनस्टाइन यांनी, ज्यांचा ब्लू प्रोटोकॉल (धाप लागलेल्या रुग्णाच्या फुप्फुस तपासणीचा) 2008 साली प्रसिद्ध झाला, आयसीयूत आयुष्यभर त्याचीच बाजू घेतली. बजेट आणि तुमचं मशीन परवानगी देत असेल तर जरूर बघा. मी डेमोपलीकडे वापरलेला नाही.

कागदपत्रांबाबत दोन्ही सारखेच. प्रोब कोणताही असो, पीसीपीएनडीटीची (गर्भलिंग निदान बंदी कायद्याची) नोंदणी आधी, मशीन नंतर. कार्डियाक प्रोबच आहे म्हणून सुटका होईल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

डेमोला आलेला माणूस यकृत आणि किडनी दाखवेल, ती सगळ्याच मशीनवर सुरेख दिसतात. त्याला थांबवा. शर्टाची वरची बटणं काढून स्वतःच्याच छातीवर, डाव्या कॉलरबोनखाली दोन बोटं, प्रोब उभा धरा. डेप्थ 6, कंपाउंडिंग बंद. श्वास घ्या, रेघ सरकताना बघा. मग श्वास रोखून धरा आणि तीच रेघ ठोक्याबरोबर थरथरताना दिसते का बघा. दोन्ही प्रोबवर, एकामागून एक.