जुन्या उबंटूवर नवा कर्नल: २२.०४ च्या एचडब्ल्यूई ६.८ चं परीक्षण

उबंटू २२.०४ एप्रिल २०२२ मध्ये आला तो ५.१५ कर्नल (हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांच्यामधला सिस्टिमचा गाभा) घेऊन. आज त्याच २२.०४ वर, बाकी सगळं जिथल्या तिथे ठेवून, २४.०४ मधला ६.८ कर्नल अधिकृतपणे बसवता येतो. पॅकेजचं नाव लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४. एचडब्ल्यूई म्हणजे हार्डवेअर एनेबलमेंट, नव्या हार्डवेअरसाठी दिलेला नवा कर्नल. डेस्कटॉपवर तो बहुधा आपोआप आलेला असतो, सर्व्हरवर मात्र मागितल्याशिवाय येत नाही. सुरक्षा अपडेट दोन्ही कर्नलना एप्रिल २०२७ पर्यंत आहेत. त्यामुळे मुदतीच्या धाकाने बदलायची गरज नाही. बदलायचा तो हार्डवेअर अडलं तर.

आणि तिथे तो खरोखर कामाचा आहे. इंटेल आर्क ए-मालिकेची कार्डं ६.२ पासून विनासायास चालतात. मीटिअर लेक प्रोसेसरमधलं ग्राफिक्स ६.७ पासून आपोआप ओळखलं जातं, ५.१५ वर ते चालतच नाही. ग्राफिक्सचा वरचा अर्धा भाग म्हणजे मेसा, तोही २२.०४ च्या अपडेटमधून २३.२ पर्यंत आलेला आहे.

जुन्या प्रोग्रॅमचं काय होईल, ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. कर्नल आणि प्रोग्रॅम यांच्यामधला सिस्टिम कॉलचा करार मोडायचा नाही, हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा नियम कडकपणे पाळला जातो. २२.०४ ची जीलिबसी २.३५ (बहुतेक प्रोग्रॅम जिच्यावर उभे असतात ती मूळ सी लायब्ररी) नव्या कर्नलवर आहे तशी चालते. लिबरऑफिस, पोस्टग्रेस, आयबसवरचा मराठी कळफलक, कशालाच हात लावावा लागत नाही. अपवाद फार जुन्या कंटेनरचा. सेंटओएस ६ सारख्या इमेजमधली जीलिबसी व्हीसिसकॉलवर, म्हणजे सिस्टिम कॉलच्या एका जुन्या पद्धतीवर, अवलंबून असते. ते पूर्ण बंद असलेल्या कर्नलवर बॅश सुरू होताच १३९ कोड देऊन पडतो. ग्रबमध्ये (कर्नल सुरू करणाऱ्या बूटलोडरमध्ये) कर्नलच्या ओळीत ‘व्हीसिसकॉल=एम्युलेट’ घातलं की सुटतं.

खरा धोका मॉड्यूलचा, म्हणजे कर्नलमध्ये वेगळ्याने जोडल्या जाणाऱ्या ड्रायव्हरसारख्या तुकड्यांचा. प्रोग्रॅमशी केलेला करार टिकतो, पण कर्नलच्या आतल्या फंक्शनबद्दल असं कुठलंच वचन नाही. ६.३ मध्ये मेमरीचे व्हीएम-फ्लॅग थेट बदलणं बंद झालं. ६.४ मध्ये क्लास-क्रिएट या फंक्शनचा पहिला आर्ग्युमेंट काढून टाकला. त्यामुळे ५.१५ साठी लिहिलेला एखादा साधा ड्रायव्हर ६.८ वर ‘आर्ग्युमेंट जास्त झाले’ असं सांगून थांबतो. बाहेरून आणलेले वायफाय ड्रायव्हर, व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर, एनव्हिडिया यांची नवी आवृत्ती ६.८ ला चालते का, हे कर्नल बदलण्याआधी पाहा. जीफोर्स ४०० आणि ५०० मालिकेच्या कार्डांना लागणारी ३९० ड्रायव्हरमालिका एनव्हिडियाने २०२२ अखेर बंद केली. अशा मशिनवर ५.१५ च राहू द्या.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. २२.०४ चा नेहमीचा कंपायलर जीसीसी ११, पण ६.५ पासूनचे एचडब्ल्यूई कर्नल जीसीसी १२ ने बांधलेले आहेत. मग मॉड्यूल बांधताना मेक-लॉगमध्ये ‘एफ-ट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट’ हा पर्याय ओळखता येत नाही, अशी ओळ दिसते. कोडमध्ये चूक शोधत बसू नका. हा पर्याय जीसीसीत १२ पासूनच आहे. जीसीसी-१२ पॅकेज टाका, आणि हाताने बांधत असाल तर मेकला सीसी म्हणून तोच सांगा. नवा कर्नल आला की मॉड्यूल पुन्हा बांधणारी व्यवस्था म्हणजे डीकेएमएस; हा लॉग व्हार-लिब-डीकेएमएस फोल्डरमध्ये, त्या मॉड्यूलच्या बिल्ड फोल्डरात मिळतो. एनव्हिडियासाठी तर डीकेएमएसच्या वाटेलाच जाऊ नये: ५३५ साठी लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हिडिया-५३५-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४ हे आधीच बांधून सही केलेलं पॅकेज मिळतं. सिक्युअर बूट (फक्त सही केलेला कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर त्याने किल्ली नोंदवण्याचा व्यापही वाचतो.

बसवण्याआधी बूट पार्टिशन वेगळं आहे का ते बघा. डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर ते असतंच. तिथे निदान ३०० एमबी मोकळे हवेत, नाहीतर इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल) अर्धवट राहतो आणि पुढचं बूट अडतं. पर्फ हे कामगिरी मोजणारं साधन वापरत असाल तर लिनक्स-टूल्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४ सोबतच घ्या, जुन्या टूल्सना नवा कर्नल सापडत नाही. रीबूटनंतर डीकेएमएस स्टेटस बघा. प्रत्येक मॉड्यूलसमोर ६.८ आणि ‘इन्स्टॉल्ड’ दिसायला हवं.

परतीची वाट चांगली आहे, पण पूर्ण चालावी लागते. बूट होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबच्या प्रगत पर्यायांतून ५.१५ निवडता येतो. ते तेवढ्या वेळेपुरतंच. कायमचं परतायचं तर ५.१५ वर बूट करून लिनक्स-जेनेरिक टाका, एचडब्ल्यूईचं मुख्य पॅकेज काढा, आणि ६.८ च्या इमेजही काढा. इमेज राहिल्या तर ग्रब सगळ्यात वरचा आकडा म्हणून पुन्हा ६.८ च उचलतो.